जुन्या जहाजाची पारख

जुने शिडाचे जहाज विकायला काढले म्हणजे मालक प्रथम त्याला नवा रंग देतो. जाणता गिऱ्हाईक त्या रंगाकडे पाठ फिरवतो आणि हातोडी घेऊन जहाजाच्या तळाशी उतरतो. लाकडी जहाजाची कुंडली तळाशीच मांडलेली असते. फळीवर हातोडी मारली की धड लाकूड खणखणते, कुजलेले बद्द वाजते. संशय आला तर चाकूचे टोक खुपसून पाहायचे. संशय वाढला तर गिरमिटाने भोक पाडून आतला भुसा कोरडा की ओला ते तपासायचे. फळ्यांच्या सांध्यांत कोंबलेले दोरांचे तंतू आणि डांबर सुटले आहे काय, खिळे गंजले आहेत काय, हे पाहायचे. समुद्रातला लाकूडखाऊ किडा तर फार लबाड. बाहेरून टाचणीएवढे भोक दिसते आणि आत करंगळीएवढी भुयारे खोदलेली असतात. इंग्रजी आरमाराने १७६१ साली ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकून या किड्यावर तोड काढली. पण खाऱ्या पाण्यात तांब्याशेजारचे लोखंड झपाट्याने झिजते. दोन वर्षांनी तपासणी झाली तेव्हा पत्र्याखालचे लोखंडी खिळे खाल्ले गेलेले आढळले. बाहेरचा पत्रा चांगला म्हणून आतले सगळे चांगले असे नव्हे, हा धडा पारख करणाऱ्यांना तेव्हा मिळाला.

गिऱ्हाईक आपल्यापुरती पारख करी. तिला संस्थेचे रूप आले ते लंडनमध्ये. सतराव्या शतकाच्या अखेरीस एडवर्ड लॉइड नावाच्या गृहस्थाच्या कॉफीगृहात कप्तान, व्यापारी आणि विमा उतरवणारे सावकार जमत असत. जहाज बंदरात आणि पैसा लावणारा कॉफीच्या टेबलाशी; त्याने हातोडी मारावी कशी? म्हणून १७६० साली या मंडळींनी एक संस्था काढली, जहाजे तपासून घेतली आणि त्यांची प्रत छापून ठेवण्यास आरंभ केला. आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी वही १७६४ ते १७६६ या काळातली आहे. तीत जहाजाच्या सांगाड्याला इंग्रजीतील पाच स्वरांपैकी एक अक्षर दिलेले असे, ‘ए’ सर्वांत उत्तम. दोर, शिडे, नांगर या सरंजामाला वेगळी खूण असे. पुढे तिच्या जागी आकडे आले. ‘ए’ आणि ‘वन’ एकत्र आले. आपल्या बाजारातला दुकानदार ‘एकदम ए-वन माल’ म्हणतो तेव्हा लंडनच्या विमेवाल्यांचीच भाषा तो बोलत असतो.

पण प्रत ठरवणारा कोणाचा, हा प्रश्न लगेच उभा राहिला. विमेवाले जहाजाचे वय आणि ते कोठे बांधले हे पाहून प्रत लावतात, प्रत्यक्ष स्थिती पाहत नाहीत, अशी जहाजमालकांची तक्रार होती. १७९९ साली त्यांनी स्वतःची निराळी वही काढली. विमेवाल्यांची हिरवी, मालकांची लाल. पस्तीस वर्षे या दोन वह्या शेजारी शेजारी चालल्या आणि १८३४ साली तडजोड होऊन एक झाल्या. या भांडणात एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. विमेवाल्याची वही होती, मालकाची वही होती; त्याच फळ्यांवर ज्यांचा जीव तरंगत होता त्या खलाशांची वही नव्हती.

त्याची फळे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दिसली. जुने जहाज स्वस्तात घ्यावे, रंग द्यावा, नाव बदलावे, किमतीहून अधिक विमा उतरावा आणि मालाने काठोकाठ भरून हाकलावे, हा काही मालकांचा धंदाच झाला. जहाज पोहोचले तर भाडे मिळे, बुडाले तर विमा मिळे. फळ्या जोडायला तांब्याचे नुसते डोके असलेले, आत दांडाच नसलेले खिळे बसवले जात; त्यांना सैतानी खिळे म्हणत. अशा जहाजांना लोक ‘शवपेट्या’ म्हणू लागले. करारावर अंगठा उठवून झाल्यावर जहाज पाहून खलाशी माघारी फिरला, तर तो गुन्हेगार ठरून तुरुंगात जाई. १८७१ च्या कायद्याने एवढी सवलत दिली की, अशा खटल्यात खलाशांपैकी चौथ्या हिश्श्याने मागणी केल्यास जहाजाची तपासणी व्हावी; परंतु तक्रार खोटी ठरली तर खर्च खलाशांच्याच माथी. ज्याचा जीव जायचा त्यानेच हातोडीची मजुरी भरायची, असा हा न्याय होता.

या अन्यायाविरुद्ध सॅम्युअल प्लिमसोल उभा राहिला. हा मूळचा कोळशाचा व्यापारी, १८६८ पासून डर्बीचा पार्लमेंट सभासद. १८७३ साली त्याने खलाशांच्या हालांवर पुस्तक लिहिले आणि देश हादरला. २२ जुलै १८७५ रोजी सरकारने जहाजांचे बिल बाजूला सारले, तेव्हा त्याने भर सभागृहात जहाजमालकांना बदमाश म्हटले. लोकमत असे खवळले की त्याच वर्षी तात्पुरता आणि १८७६ साली पक्का कायदा करावा लागला. असुरक्षित जहाज अडवण्याचा अधिकार सरकारकडे आला. जहाजाच्या अंगावर भाराची रेघ सक्तीची झाली. पण ती कोठे ओढायची हे मालकानेच ठरवावे, अशी मेख त्यात होती. ती निघायला १८९० साल उजाडले. दरम्यान १८८७ साली खलाशांची संघटना स्थापन झाली होती आणि प्लिमसोल तिचा अध्यक्षही झाला. रेघेची जागा कायद्याने बांधली गेली तेव्हा खलाशी एकटा उरला नव्हता, हे विसरता कामा नये.

चांगल्या कामाची साक्षही याच इतिहासात आहे आणि ती आपल्या मुंबईची आहे. वाडियांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत सागवानाचे ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज १८१७ साली पाण्यात उतरले. १८९७ साली ते मोडीत विकले गेले. परंतु त्याच वर्षी एका इंग्रज गृहस्थाने ते विकत घेऊन मुलांना नाविक शिक्षण देण्याच्या कामी लावले. आज ते इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे जतन केलेले आहे. आपल्या सुतारांनी ठोकलेल्या खिळ्यांना डोकेही होते आणि दांडाही होता.

हातोडी तीच असते, फळीही तीच असते. ती गिऱ्हाईकासाठी वाजवली तर किंमत कळते, विमेवाल्यासाठी वाजवली तर जोखीम कळते. माणूस वाचावा असे वाटत असेल, तर जो त्या फळीवर उभा राहणार आहे त्याला ती वाजवून पाहण्याचा आणि आवाज बद्द आल्यास ‘मी जाणार नाही’ म्हणण्याचा हक्क असला पाहिजे. जहाज असो, गिरणीतला बॉयलर असो की बांधकामावरची परात. हा हक्क कोणी दान दिलेला नाही, तो संघटनेने मिळवावा लागला आहे आणि संघटनेनेच राखावा लागेल.