चळवळीचा निरोप कसा लिहावा?

यवतमाळ : चळवळींची आवाहने रोज येतात आणि बहुतेक न वाचताच पुसली जातात. त्याला एक अपवाद या जिल्ह्याशी निगडित आहे. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी व चार मुलांसह जीवनयात्रा संपविली. त्यांच्या स्मरणार्थ किसानपुत्र आंदोलनाने २०१७ पासून १९ मार्चला एक दिवसाच्या अन्नत्यागाचे आवाहन सुरू केले. त्यास ना मंडप लागतो, ना प्रवासखर्च. गाव सोडून पुण्या-मुंबईत नोकरी करणारा शेतकऱ्याचा मुलगाही ते कार्यालयात बसून पाळू शकतो. आवाहनाचे बळ यातच आहे.

२००० नंतरच्या दशकात विदर्भ जनआंदोलन समितीचे किशोर तिवारी पांढरकवड्याहून शेतकरी आत्महत्यांची माहिती ई-मेलने पत्रकारांना धाडत. पत्रकाराला नाव, गाव, तारीख हवी असते. समर्थकाला ‘मी काय करू?’ याचे उत्तर. दोघांना एकच मजकूर पाठविणे ही नेहमीची चूक.

समर्थकांसाठीच्या ई-मेलच्या विषयओळीतच तारीख व कृती यावी. देवनागरी एसएमएस ७० चिन्हांपुरताच असतो, रोमन १६०. काना-मात्राही स्वतंत्र मोजल्या जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर वारंवार फिरलेला निरोप २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येतो. त्यापेक्षा परिचितास नावानिशी दोन ओळी लिहाव्यात. मृत शेतकऱ्याचे छायाचित्र मात्र कुटुंबाच्या संमतीविना जोडू नये.