चूक हाताची की हत्याराची?

कारखान्यात अपघात झाला की पहिला प्रश्न निघतो, ‘चूक कोणाची?’ उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते : कामगाराची. यंत्राला जाळी नव्हती, हे मागाहून कळते. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कामगारांच्या सभांत फार झाले. त्यामुळे संगणकाचा इतिहासही आम्ही याच नजरेने वाचतो.

संगणक चालता ठेवणाऱ्याला तेच ते हुकूम रोज द्यावे लागतात. म्हणून तो ते एकदाच लिहून ठेवतो. त्या लिखाणाला स्क्रिप्ट म्हणतात. असे हुकूम घेणारे ‘शेल’ युनिक्ससाठी केन थॉम्पसन यांनी १९७१ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लिहिले. १९७९ मध्ये स्टीफन बोर्न यांचे शेल आले. त्याचे वळण आजही चालू आहे. हुकूम लहान, काम मोठे! पण शेलला सारे अक्षरांच्या ओळीसारखे दिसते, आणि मोकळी जागा आली की ते तेथे नाव तोडते.

आमच्या संघटनेच्या कचेरीत सभासदांच्या दोन फायली होत्या, ‘यादी’ आणि ‘यादी जुनी’. एका होतकरू मुलाने जुनी काढून टाकण्याची स्क्रिप्ट लिहिली. शेलने एका नावाची दोन केली. ‘यादी’ पुसली, ‘जुनी’ सापडत नाही म्हणून तक्रार केली, आणि ‘यादी जुनी’ जागच्या जागी राहिली. अवतरणचिन्हे घातली असती तर हे टळते. सर्वांनी त्या मुलालाच बोल लावला. प्रथम आम्हीही लावला.

दुसरी परंपरा याहून जुनी आहे. १९५८ साली एमआयटी विद्यापीठात जॉन मॅकार्थी यांनी ‘लिस्प’ भाषेचे काम आरंभले. तिच्या गाभ्याची मांडणी त्यांच्या दृष्टीने कागदावर वाचण्याची होती. स्टीव्ह रसेल या कार्यक्रमलेखकाने ती आयबीएम ७०४ यंत्रावर प्रत्यक्ष चालवून दाखविली. विचार एकाचा, पण तो उभा केला दुसऱ्याच्या हातांनी! लिस्पमध्ये सारे कंसांतील याद्यांनी लिहितात. यादीतील नाव एकच वस्तू राहते, मग त्यात मोकळ्या जागा कितीही असोत.

१९७५ मध्ये तिच्यातूनच ‘स्कीम’ निघाली. १९९४ मध्ये ओलिन शिव्हर्स यांनी स्कीममध्येच यंत्र सांभाळण्याच्या स्क्रिप्टा लिहिता याव्यात म्हणून ‘स्कीम शेल’ प्रसिद्ध केले. २०१२ पासून ‘गीक्स’ या प्रकल्पाने पुढचे पाऊल टाकले : यंत्रावर काय असावे हे स्कीममध्ये लिहावयाचे, आणि नवी रचना बिघडली तर आधीच्या रचनेवर परत जावयाचे.

ही भाषा सर्वांना मानवली नाही. कंसांची सवय लागते, आणि एका ओळीच्या कामाला जुने शेलच चटकन उरकते. लिस्पमध्येही भलती फाईल पुसता येते. पण एका मोकळ्या जागेपायी तरी ती पुसली जात नाही.

तात्पर्य इतकेच : माणूस रात्रपाळीत थकतो, विसरतो. त्याने कधीच चुकू नये, ही अपेक्षा स्वस्त असते. चूक सावरणारे हत्यार घडवावे लागते. त्या मुलाची क्षमा आम्ही नंतर मागितली. यादी मात्र दारोदार हिंडून पुन्हा लिहावी लागली.