सोन्याची धूळ आणि कोळशाचें पान

अंबरनाथच्या शिवालयांतील शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हा काल कोरलेला आहे. त्या शिवालयाजवळून वाहणारी वालधुनी नदी पुढें उल्हासनगरांतून जाते. २०१४ च्या नोव्हेंबर अखेरीस याच नदींत रसायनें ओतलीं गेलीं, विषारी वायु पसरला आणि शेकडो माणसांना इस्पितळांत न्यावें लागलें. अशा वेळीं नाक वर्दी देतें खरें. परंतु तोंवर विष छातींत उतरलेलें असतें. नाकाच्या आधीं जागी होणारी वस्तु घडविण्याचे जे प्रयत्न हल्लीं चालले आहेत, त्यांपैकीं एकाचें मूळ दीडशेंहून अधिक वर्षें मागें जातें.

१८५७ सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मायकेल फॅरडे यानें सोन्याच्या क्षाराच्या द्रावणावर फॉस्फरसाची क्रिया केली, तेव्हां तें पाणी माणकासारखें लाल झालें. सोन्याचे कण इतके सूक्ष्म झाले होते कीं, त्यांचा रंगच पालटला. दोनच वर्षांनीं ऑक्सफर्डच्या बेंजामिन ब्रॉडी यानें शिसपेन्सिलींत असतें तें ग्राफाईट नत्राम्ल व पोटॅशियम क्लोरेट यांच्या साहाय्यानें प्राणवायुयुक्त केलें. एकाच देशांत इतक्या जवळजवळ लागलेल्या या दोन शोधांची गांठ मात्र दीर्घकाळ पडली नाहीं. १९५८ सालीं हमर्स व ऑफेमन यांनीं ब्रॉडीची कृति सोपी केली. २००४ सालीं मँचेस्टर येथें गाइम व नोव्होसेलॉव्ह यांनीं चिकटपट्टीनें ग्राफाईटचे पापुद्रे सोलीत सोलीत एका अणूएवढ्या जाडीचें पान वेगळें केलें. या ग्राफीनवरील कार्यासाठीं त्यांना २०१० चें नोबेल पारितोषिक मिळालें.

पान हातीं आल्यावर कणांची अडचण सुटली. धातूच्या सूक्ष्म कणांचा एक मोठा दोष असा कीं, ते एकमेकांस बिलगतात, आणि गोळा झाला कीं त्यांचे विशेष गुण लोपतात. प्राणवायुयुक्त ग्राफीनच्या पानावर धातूचे क्षार ठिकठिकाणीं पकडले जातात. मग त्यांचे कण तेथेंच, पाटावरील रांगोळीच्या ठिपक्यांसारखे, सुटे सुटे बसतात. या क्रियेंत पानांतील बराच प्राणवायु काढून टाकला कीं पान वीज वाहूं लागतें. वायूचा स्पर्श होतांच तो प्रवाह बदलतो आणि यंत्राचा कांटा हलतो. पॅलेडियमचे कण हायड्रोजन ओळखतात, चांदीचे कण जंतूंचा नाश करतात, तर सोन्याचे कण विशिष्ट प्रकाश शोषून तापतात. त्या उष्णतेनें अर्बुद जाळण्याचे प्रयोग झाले आहेत.

महाराष्ट्रही या वाटेवर मागें राहिला नाहीं. २००४ सालीं पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतील मुरली शास्त्री यांच्या गटानें गवती चहाच्या अर्कानें सोन्याचीं अतिसूक्ष्म त्रिकोणी पत्रें तयार केलीं. मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें प्रा. महेश्वर शेरॉन यांच्या मंडळीनें देवघरांतील कापरापासून कर्बाचीं सूक्ष्म रूपें घडविलीं. पुढें त्यांनीं व डॉ. माधुरी शेरॉन यांनीं अंबरनाथ पश्चिमेस, बुवापाडा ज्या बाजूस आहे त्याच बाजूस, जांभूळ फाट्यावरील महाविद्यालयांत नॅनोविद्येचें संशोधनकेंद्र चालविलें. २०१५ सालीं या दोघांचा ग्राफीनवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला.

तथापि प्रयोगशाळेंतील यश आणि लोकांच्या उपयोगाची वस्तु यांत अंतर आहे. शरीरांत गेलेले हे कण व हीं पानें पुढें कोठें जातात आणि किती काळ राहतात, याची खात्री झाल्यावांचून तें औषध रोग्यास देतां येत नाहीं. वायु ओळखणारें यंत्रही स्वच्छ हवेंत अचूक असलें, तरी दमट हवेंत आणि अनेक वायूंच्या मिश्रणांत फसूं शकतें. वालधुनीच्या कांठीं, भर पावसाळ्यांत, तें वेळेवर सावध करतें कीं नाहीं, हीच त्याची खरी परीक्षा होय.