सायंकालीन बालव्यायामवर्ग
शाळा सुटल्यानंतर मुलांना व्यायामाची व सकस आहाराची सवय लावणारा सामूहिक उपक्रम. त्याचे मूळ तालमींत असून, पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधर यांनी पुनरुज्जीवित केलेला मल्लखांब (पहा : मल्लखांब) आणि औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकात प्रसृत केलेले सूर्यनमस्कार हे त्याचे मुख्य आधार होत. ठाण्याचे श्री मावळी मंडळ (स्थापना १९२५) व कल्याणचे नमस्कार मंडळ या संस्था याच परंपरेतील आहेत. आईवडील नोकरीसाठी लोकलने मुंबईस जात असल्याने डोंबिवलीसारख्या शहरांत अशा वर्गांची गरज विशेष आहे. आहारशिक्षणात भाकरी, उसळ, पालेभाज्या अशा घरच्या अन्नावर भर हवा (पहा : आहारशास्त्र). शाळेच्या आवारापासून ५० मीटरच्या आत अतिमेद, अतिशर्करा व अतिलवणयुक्त पदार्थांच्या विक्रीस २०२० च्या केंद्रीय नियमांनी मनाई केली आहे.