दमसासाची तालीम आणि गायनशाळेचा वर्ग

हिंदुस्थानी संगीताच्या गुरुशिष्यपरंपरेत श्वासाच्या व्यायामाचा स्वतंत्र पाठ फारसा आढळत नाही. दमसास, म्हणजे एका श्वासात स्वर न डळमळता धरून ठेवण्याची शक्ती, ही तंबोऱ्याच्या साथीने षड्ज लांबवता लांबवताच यावी, अशी अपेक्षा असे. शास्त्रग्रंथ मात्र या बाबतीत मुके नाहीत. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाने तेराव्या शतकात रचलेल्या शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’त मंद्र, मध्य आणि तार या तीन स्थानांची जागा अनुक्रमे हृदय, कंठ आणि मूर्धा अशी सांगितली असून, निंद्य गायकांचे पंचवीस प्रकारही मोजले आहेत. दात आवळून गाणारा तो ‘संदष्ट’, श्वासाचा सूत्कार ऐकू येऊ देणारा ‘सूत्कारी’, गाल फुगवणारा ‘तुंबकी’ आणि कपाळामानेच्या शिरा ताठवणारा ‘झोंबक’. नवशिक्या मुलांच्या कोणत्याही वर्गात हे चौघे आजही भेटतात.

हे दोष काढण्याचा घराण्यांतील रूढ उपाय म्हणजे खर्जाचा रियाज, अर्थात पहाटे मंद्र सप्तकातील स्वरांवर दीर्घकाळ थांबणे. त्यासाठी गुरूला एकेका शिष्याचा गळा जवळून ऐकावा लागे, आणि नेमके हेच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघालेल्या गायनशाळांना अवघड होते. बडोद्यात सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ मध्ये गायनशाळा चालू केली, तर मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि १९०८ मध्ये मुंबईतही त्याची शाखा काढली. वर्गात एकाच पट्टीत, म्हणजे ठरवून घेतलेल्या एकाच षड्जावर, सर्वांनी मिळून गायचे असल्याने पलट्यांना साहजिकच महत्त्व आले. ‘सारेग, रेगम’ अशा क्रमाने चढणारे हे स्वरसमूह फळ्यावर लिहिता येत आणि घोकूनही घेता येत. यात सूर-लयीची शिस्त लागली आणि ज्या घरांतील मुलामुलींना गाणे शिकणे एरवी दुर्मिळ होते त्यांनाही ते मिळाले, हा लाभ लहान नाही. परंतु श्वास कुठे तुटतो हे समूहगायनात झाकले जाते, आणि साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी स्वरयंत्र वाढून मुलाचा आवाज फुटतो तेव्हा त्याच्यापुरती पट्टी उतरवण्याची सोयही तिथे राहत नाही.

पलुसकरांनी यावर काढलेला मार्ग बहुधा पुरेसा लक्षात घेतला जात नाही. शिकून जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वर्गांखेरीज त्यांनी संस्थेतच राहणाऱ्या शिष्यांना ‘उपदेशक’, म्हणजे पुढे स्वतः संगीतशिक्षक होणारे, म्हणून तयार केले, आणि गुरुगृहीची तालीम या फळीपुरती टिकवली. विनायकबुवा पटवर्धन आणि ओंकारनाथ ठाकूर हे याच निवासी शिक्षणातून घडले. विनायकबुवांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा वर्गाची पद्धत चालवणारा शिक्षक स्वतः मात्र जुन्या तालमीत वाढलेला होता.