वाईट राजा हीच शिक्षा

वाईट राज्यकर्ता वाट्याला येणे हीच देवाने दिलेली शिक्षा, या विचाराचे मूळ प्राचीन हिब्रू संदेष्ट्यांकडे जाते. त्याचे बीज शमुवेल या संदेष्ट्याच्या कथेत आहे. इस्राएली लोक राजा मागू लागले तेव्हा त्याने बजावले : राजा तुमची मुले रथांपुढे धावायला नेईल, शेते-द्राक्षमळे बळकावेल, दहावा हिस्सा उकळेल; मग रडाल तर देव ऐकणार नाही.

उत्तरेकडच्या इस्राएल राज्यात होशेय या संदेष्ट्याने याची प्रचीती घेतली. इ.स.पू. आठव्या शतकात दुसरा यराबाम वारला आणि पुढच्या सुमारे 25 वर्षांत सहा राजे झाले. त्यांपैकी चौघांचा खून झाला. देव रागाने राजा देतो आणि रागानेच काढून घेतो, असे होशेयाने सांगितले. इ.स.पू. 722च्या सुमारास अश्शूरी सैन्याने राजधानी शोमरोन घेतली.

त्याच शतकात यरुशलेममध्ये संदेष्टा यशयाने हा विचार पूर्णत्वाला नेला. त्याच्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात देव आधी अन्नपाणी तोडतो, मग योद्धे, न्यायाधीश, वडीलधारे, सल्लागार, कारागीर असे सगळेच काढून नेतो. गादीवर पोरे बसतात. कुणाकडे नुसता अंगरखा आहे म्हणून भाऊ त्याला पुढारी व्हायला विनवतो, आणि तोही नाही म्हणतो. पुढे देव स्वतः फिर्याद मांडतो, ती वडीलजनांवर आणि अधिकाऱ्यांवर : गरिबांकडून लुटलेला माल तुमच्याच घरात आहे.

सोळाव्या शतकात ख्रिस्ती धर्मसुधारक जॉन कॅल्विनने धर्मशास्त्रावरील आपल्या मुख्य ग्रंथात होशेय आणि यशया या दोघांचा आधार घेतला. दुष्ट राजा देवाच्या कोपातून येतो, म्हणून सामान्य प्रजेने तो सोसावा, असे त्याने शिकवले. राजाला आवरण्याचे कर्तव्य त्याने लोकांच्या वतीने नेमलेल्या अधिकाऱ्यांवर टाकले.

सोसण्याची ही शिकवण पुढे सत्ताधाऱ्यांच्या सोयीची ठरते, आणि म्हणूनच यशयाचा मूळ ग्रंथ पुरता वाचायला हवा. दहाव्या अध्यायाच्या आरंभीच यशया अन्यायाचे कायदे लिहिणाऱ्यांना धिक्कारतो. लगेच पुढे तो अश्शूरला देवाच्या क्रोधाची काठी म्हणतो, आणि गर्वाबद्दल त्याच अश्शूरला शिक्षाही सुनावतो. प्रजेची शिक्षा म्हणून आलेला राज्यकर्ता आपल्या अपराधातून सुटत नाही. यशयाच्या न्यायात त्याचाही खटला चालतोच.