सशाचा पोळा



बरेच दिवसांनी लिहिते आहे. मध्यंतरी पोळा येऊन गेला आणि डोक्यात एक विचार घोळत राहिला. आज तो कागदावर, म्हणजे पडद्यावर, उतरवते.

पोळ्याचे मला नेहमी दोन भाग दिसतात. एक भाग बैलासाठी असतो, दुसरा आपल्यासाठी. आदल्या दिवशी बैलांना आंघोळ घालायची, जू वाहून वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना पळसाच्या पानाने तूप-हळद चोळायची आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. पोळ्याच्या दिवशी जू नाही, चाबूक नाही. हा झाला बैलाचा भाग. मग शिंगांना रंग, बेगड, बाशिंग, झूल, घुंगुरमाळा, नवा कासरा... हा बराचसा आपला भाग. बैलाला आरशाची हौस नसते. बेगड लावलेली शिंगं बघून छाती फुगते ती मालकाची. यात वाईट काही नाही. फक्त कोणती गोष्ट कोणासाठी चालली आहे, हे ठाऊक असावं.

आमच्या विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांसाठी सांगते : या दिवशी मुलं लाकडाचे, चाकं लावलेले बैल सजवून आणतात. गल्लीत नाहीतर देवळासमोर तोरण बांधतात, सजावटीला बक्षिसं देतात आणि नंतर पोरं घरोघरी बैल फिरवून बोजारा गोळा करतात. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसरे रघुजी (कारकीर्द 1788 ते 1816) यांच्या नावाशी ही प्रथा जोडली जाते. आमचा चांदा मुलूख तर 1751 पासूनच भोसल्यांकडे होता.

पण चाकांवरचा प्राणी ही कल्पना भोसल्यांहून फार फार जुनी. सिंधू संस्कृतीच्या गावांत मातीच्या खेळण्यातल्या गाड्या आणि मान हलवणारे बैल सापडले आहेत. आपल्या महाराष्ट्रातच, प्रवरेकाठच्या दायमाबादला 1974 साली एका शेतकऱ्याला खोदताना चार भरीव धातूशिल्पं मिळाली. हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैलांचा रथ. सगळं मिळून वजन साठ किलोंहून जास्त, तेव्हा ही काही पोरांच्या खेळण्यातली नव्हेत. गंमत म्हणजे रथाच्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे! रथ हाकणाऱ्या माणसाबरोबर त्याचा कुत्राही घडवावासा त्या कारागिराला वाटला. वर्गात हा धडा शिकवताना मी मुलांना गेंड्याआधी तो कुत्रा शोधायला लावत असे.

आता मूळ मुद्द्याकडे. आमच्या घरी दीड वर्षापासून एक पांढरा ससा आहे. नातवाने पोळ्याच्या आठवड्यात विचारलं, "आजी, बैलाचा पोळा असतो, मग सशाचा का नाही?" त्याच्या आईने, "ससा काय नांगर ओढतो का रे?" म्हणून विषय संपवला. माझा मात्र संपेना. शिक्षक निवृत्त झाला तरी प्रश्न ऐकला की खडू शोधतोच.

तर आधी ससा कोण ते पाहू. मराठीत 'ससा' हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या प्राण्यांना वापरतो. आपल्या शेतात, झुडपांत संध्याकाळी टणकन उडी मारून जातो तो रानससा. चंद्रावर दिसतो, जातककथेत स्वतःचं शरीर दान करतो, पंचतंत्रात सिंहाला विहिरीत उडी मारायला लावतो, तो हाच. तो बीळ खणत नाही. त्याची पिल्लं अंगावर केस घेऊन आणि उघड्या डोळ्यांनी जन्मतात. पिंजऱ्यातला ससा हा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा बिळात राहणारा प्राणी. त्याची पिल्लं उघडीबोडकी आणि मिटल्या डोळ्यांची असतात. म्हणजे आपल्या सगळ्या गोष्टी एकाच्या आणि घरात आणलेला दुसराच!

हा दुसरा माणसाळला कसा? रोमन लोक भिंती घातलेल्या आवारात ससे ठेवत, ते खाण्यासाठी. पुढे एक गोष्ट पुस्तकांतून फिरत राहिली की इसवी सन 600 च्या सुमारास एका पोपने सशाच्या नवजात पिल्लांना 'मासा' ठरवून उपवासाला चालतील असं सांगितलं, म्हणून मठांतल्या संन्याशांनी ससे पाळले. 2018 साली संशोधकांनी जुने कागद तपासले, तेव्हा असं कोणतंही फर्मान निघालं नसल्याचं दिसलं. एका ग्रेगरीचा मजकूर दुसऱ्या ग्रेगरीच्या नावावर चढला होता. ससा एखाद्या हुकमाने एका दिवसात माणसाळला नाही. आधी खाणं, मग कातडं आणि लोकर, मग हौस, असा शेकडो वर्षांचा रस्ता तो चालत आला.

हौसेतही गंमत बघा. बीट्रिक्स पॉटर या इंग्रज बाईंनी स्वतःच्या पाळीव सशांवरून पीटर नावाचा ससा रंगवला. पुस्तक 1902 मध्ये आलं आणि लगेच 1903 मध्ये त्यांनी पीटरच्या बाहुलीचं पेटंट घेतलं. म्हणजे सशाचं खेळणं तेव्हाच निघालं. पण सशासाठी खेळणं? त्याला वेळ लागला. ससा परसातल्या खुराड्यात नव्हे, घरात माणसांबरोबर राहू शकतो आणि त्याला खणायला, कुरतडायला, लपायला काहीतरी हवं, हे सांगणारं मॅरिनेल हॅरिमन यांचं पुस्तक अमेरिकेत 1985 ला निघालं. 1988 मध्ये कॅलिफोर्नियात त्या विचाराची संस्था उभी राहिली. माझी मधली मुलगी त्यापेक्षा वयाने मोठी आहे!

आता सूनबाईंच्या प्रश्नाचं उत्तर. ससा नांगर ओढत नाही, खरं आहे. पण जुलै 1885 मध्ये पॅरिसला लुई पाश्चरकडे जोसेफ माइस्टर नावाचा नऊ वर्षांचा मुलगा आणला होता, पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेला. त्याला टोचलेली लस कशापासून केली होती? पिसाळ रोगाने मेलेल्या सशांच्या वाळवलेल्या मज्जारज्जूपासून. आमच्या पिढीला बेंबीभोवतीची चौदा इंजेक्शनं आठवत असतील. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची, आता ती बंद झाली. पण या वाटेवरचं पहिलं पाऊल सशाच्या जिवावर पडलं. पुढे 1944 पासून सौंदर्यप्रसाधनांचं औषधपाणी सशांच्या डोळ्यांत घालून तपासत. भारतात सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करायला 2014 मध्ये बंदी आली. पोळा हा जर ऋण मानण्याचा सण असेल, तर सशाचंही नाव त्या वहीत लिहिलेलं आहे. नातवाचा प्रश्न अगदी रास्त होता.

मग सशाचा पोळा करायचा ठरला. नातवाने लगेच लाल मखमलीची झूल आणि गळ्यात घुंगरू काढलं. मी म्हटलं, थांब. हा कोणाचा भाग, त्याचा की आपला? ससा हा भक्ष्य होणारा प्राणी. आवाजाला दचकतो, घाबरला की मागचा पाय जमिनीवर आपटतो. त्याच्या गळ्यात घुंगरू म्हणजे त्याला दिवसभर भीती बांधून देणं. शिवाय ससा घामावाटे अंग निववू शकत नाही, त्याची उष्णता कानांवाटे जाते. त्याला मखमल पांघरायची म्हणजे शिक्षाच. झूल लाकडी बैलाला घातली. तो काही बोलत नाही.

सशासाठी आम्ही तोरण केलं. केळीच्या सोपटाची दोरी वळली, तिला दुर्वांच्या जुड्या, जास्वंदीची पानं, मक्याची हिरवी पानं आणि थोडा सांबार (पुणेकरांनो, म्हणजे कोथिंबीर) बांधला आणि तो उभा राहिला की तोंड पोचेल इतक्या उंचीवर टांगलं. त्याने दोन पायांवर उभं राहून एकेक पान ओढलं आणि शेवटी दोरीही कुरतडली. आमच्याकडे तोरण तुटलं की पोळा फुटला म्हणतात. हा पोळा पाहुण्यानेच फोडला!

तेव्हापासून घरात ऋतूप्रमाणे उद्योग चालतात. उपयोगी पडतील म्हणून लिहिते.

उन्हाळा : चंद्रपूरचा उन्हाळा सांगायला नको, पारा 47-48 च्या घरात जातो आणि माणूसही भाजतो. सशाला तिशीच्या वरच त्रास व्हायला लागतो. एका बाजूने फुटलेला माठ कडा घासून आडवा ठेवला आणि बाहेरून ओलं पोतं गुंडाळलं की झालं त्याचं बीळ. खिडकीला वाळ्याची ताटी लावायची. ती आपल्यालाही लागतेच.

पावसाळा : तणीस नाहीतर वाळलेलं गवत कोरडं ठेवणं हेच मोठं काम. बुरशीचा वास आला की फेकायचं. रस्त्याकडेचं गवत आणायचं नाही. आमच्या गावात कोळशाची आणि सिमेंटची धूळ पानापानावर बसते. घराच्या कुंडीत लावलेल्या दुर्वाही धुऊन, निथळूनच द्यायच्या.

दिवाळी : फटाक्यांच्या दिवसांत पुठ्ठ्याचं खोकं आतल्या खोलीत ठेवायचं, त्याला दोन बाजूंनी दोन दारं. एकच दार असलं तर त्याला तो सापळा वाटतो. पिना आणि चिकटपट्टी आधी काढून टाकायची.

हिवाळा : कापडाच्या ठाणातून येते ती पुठ्ठ्याची नळी वीतभर कापून तिच्यात वाळलं गवत ठासायचं. एकेक काडी ओढण्यात त्याचा तास जातो. सशाचे दात जन्मभर वाढतात, गवत चावूनच ते झिजतात. म्हणून त्याचा खरा आहार गवत. गाजर चित्रातलं. ते गोड असतं, नखाएवढा तुकडा पुरे. पोळी, बिस्कीट, तिळगूळ अजिबात नाही, पाहुण्यांनी कितीही लाडाने दिलं तरी.

बुरुडाकडची रंग न दिलेली टोपली उत्तम. चकचकीत रंगाची नको. रुई, कण्हेर, धोत्रा, घाणेरी यांचं पान चुकूनही आत जाऊ देऊ नये. शेतकऱ्याला हे शहाणपण नवं नाही. कोवळी ज्वारी जनावराला बाधते, हे त्याला पुस्तकाने शिकवलेलं नाही.

हे सगळं करताना एक गोष्ट लक्षात आली. घुग्घुसमध्ये माझ्या लहानपणी गल्लीगल्लीतून बैल निघायचे. आता खाणी, कारखाने आणि ट्रॅक्टर आहेत. मोठ्या पोळ्यात बैल मोजके आणि तान्ह्या पोळ्यात लाकडी बैल रांगेने. ज्या मुलाने जिवंत बैलाच्या खांद्याला तूप लावलेलं नाही, त्याच्यासाठी बैल म्हणजे चाकांवरची वस्तू. सजवायची, बक्षीस घ्यायचं, माळ्यावर ठेवायची. सशाने निदान आमच्या नातवाला एवढं शिकवलं की समोरच्याला काय हवं ते आधी बघायचं आणि मग हात चालवायचे. ससा म्हणजे बैल नव्हे, पण खांदेमळणीचा धडा तोच आहे.

एक शेवटचं, इथल्या मुलांसाठी. शेताच्या बांधावर रानसशाचं पिल्लू एकटं बसलेलं दिसलं तर ते 'सापडलं' म्हणून घरी आणू नका. त्याची आई दिवसा मुद्दाम दूर राहते आणि अंधार पडला की पाजायला येते. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला पकडणं गुन्हाही आहे. त्याला आपलं तोरण नको, टोपली नको, माठ नको. त्याच्यासाठी आपल्या हातांनी करण्यासारखी एकच गोष्ट आहे : ते पाठीमागे बांधून घरी परत येणं.